नोकरीची खबर पोर्टलवर मिळेल, पण जामीन कोण राहणार?

नांदेडच्या इतवाऱ्यात किंवा लातूरच्या गंजगोलाईत दुकानदाराला माणूस हवा असला तर तो जाहिरात देत नाही. जुन्या नोकराला सांगतो, "तुझ्या ओळखीत कोणी चांगला मुलगा असेल तर घेऊन ये." दोन दिवसांत मुलगा येतो. वेल्डिंगचे वर्कशॉप, गॅरेज, टेलरचे दुकान, बेकरी, सगळीकडे हीच रीत आहे. हैदराबादला गेलेला मामू भाच्याला बोलावून घेतो. पुण्यात फर्निचरचे काम करणारा सुतार गावातून दोन पोरे घेऊन जातो. गवंडी आपली टोळी घेऊनच ठेकेदाराकडे उभा राहतो. अर्ज, मुलाखत असा प्रकारच नाही.

गेल्या दहा वर्षांत या रीतीच्या शेजारी दुसरी रीत उभी राहिली आहे. रोजगार विनिमय केंद्रात कार्ड काढून वर्षानुवर्षे कॉलची वाट पाहणे हा अनुभव आपल्या वडीलधाऱ्यांना आहे. आता ती नोंदणी राज्याच्या 'महास्वयम' या पोर्टलवर होते. केंद्र सरकारने जुलै २०१५ मध्ये 'नॅशनल करिअर सर्व्हिस' म्हणजे एनसीएस हे पोर्टल सुरू केले. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. त्यात बारावी पास मुलाला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन ठरले, आणि नोंदणी ऑनलाइनच होती. ज्याची पोर्टलवर नोंद नाही त्याला मामूची ओळख तेथे उपयोगी पडली नाही. खासगी बाजारातही डिलिव्हरी, गोदाम, सेक्युरिटी, शोरूम येथील भरती मोठ्या प्रमाणावर मोबाईलवरूनच होऊ लागली आहे.

तेव्हा ओळखी सोडून सगळ्यांनी पोर्टलवर जावे का? आमचे मत असे आहे की हा प्रश्न विचारण्याआधी ओळख नेमके काय काम करते ते समजून घ्यावे.

ओळख दोन कामे करते. एक, ती खबर देते की अमुक ठिकाणी जागा आहे. दुसरे, ती जामीन राहते. गल्ल्यावर बसवलेल्या मुलाने गडबड केली तर दुकानदार पोलिसांकडे जाण्याआधी त्याला आणणाऱ्याकडे जातो. आणणाऱ्याची इज्जत पणाला लागलेली असते, म्हणून तो वाटेल त्याला आणत नाही. हा जामीन उलटाही चालतो. मालकाने तीन महिन्यांचा पगार अडकवला तर मुलगा लेबर कोर्टात जात नाही, मामूच जाऊन बोलणी करतो. पोर्टल पहिले काम ओळखीपेक्षा चांगले करते. दुसरे काम ते करत नाही. ऑनलाइन नोकरी शोधताना जे नुकसान होते ते बहुतेक हा फरक लक्षात न आल्यामुळे होते.

खबरेच्या बाबतीत जवळची ओळख फार दूर नेत नाही, हे अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवले. बोस्टनजवळच्या एका शहरात ज्यांनी ओळखीतून नोकरी मिळवली होती त्यांना त्यांनी विचारले की खबर देणारा माणूस तुम्हाला किती वेळा भेटत होता. नेहमी भेटणाऱ्याकडून खबर मिळालेले शंभरात जेमतेम १७ निघाले. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून मिळाली होती. कारण सरळ आहे. भाऊ, मेहुणा, शेजारी यांना तेवढेच ठाऊक असते जेवढे आपल्याला असते. देगलूर नाक्यावरच्या दहा वेल्डरांना तीच दहा वर्कशॉप माहीत असतात. अकराव्या वर्कशॉपची खबर बाहेरच्या माणसाकडूनच येते, आणि पोर्टल म्हणजे असा बाहेरचा माणूस.

ओळखीच्या बाजाराची दुसरी बाजूही आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत भरती जॉबरच्या हातात होती. तो आपल्या गावचे, आपल्या जातीचे लोक आणत असे आणि काम देण्याबद्दल दस्तुरी घेत असे. ही मक्तेदारी मोडण्यासाठी मुंबईत १९३५ मध्ये बदली नियंत्रण योजना आली आणि बदली कामगारांची नोंद ठेवली जाऊ लागली. हमालांच्या बाबतीत महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने हमाल आणि मालक या दोघांचीही मंडळात नोंद करण्याची पद्धत आणली. म्हणजे मुकादमाच्या वहीतून सरकारी वहीत जाण्याची वाट आपल्याकडे जुनी आहे. मोबाईल हे तिचे नवे रूप आहे.

ओळख मुलाला कोठे नेते हेही पाहण्यासारखे आहे. अर्थशास्त्रज्ञ कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी मुंबईत दादरच्या शाळांमध्ये केलेला एक अभ्यास २००६ मध्ये छापला. ज्या जातींची कारखाना, गोदी, रेल्वे येथे जुनी ओळख होती त्यांची मुले त्याच ओळखीच्या भरवशावर मराठी माध्यमात राहिली व बापाच्या कामात गेली. मुलींसाठी अशी ओळख नव्हतीच, त्यामुळे नव्या काळात त्या इंग्रजी शाळांकडे अधिक वळल्या. ओळख बापाला कामास लावते आणि मुलाला तेथेच बांधून ठेवते. आपल्या समाजाला हे जास्त लागू पडते. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले की मुस्लिम कामकऱ्यांपैकी ६१ टक्के स्वतःच्या धंद्यावर जगतात, हिंदूंमध्ये हे प्रमाण ५५ टक्के आहे. ज्या घरात पगारी नोकरी कोणी पाहिलीच नाही त्या घराच्या ओळखीही गॅरेज आणि दुकानापाशी संपतात. आणि ज्याला मामूच नाही त्याचे काय? मुखेड, किनवटकडच्या खेड्यातून आलेला एकटा मुलगा, घर चालवणारी विधवा, बारावी झालेली मुलगी, यांच्यासाठी चहाच्या हॉटेलातली खबर कधीच नव्हती.

हीच गोष्ट डोळ्यांपुढे ठेवून बंगळुरूत २००७ मध्ये 'बाबाजॉब' नावाची कंपनी निघाली. गरीब माणूस गरीब राहतो तो चांगले काम नसल्यामुळे नव्हे तर त्या कामापर्यंत पोचवणारी ओळख नसल्यामुळे, असे अभ्यासक अनिरुद्ध कृष्ण यांच्या संशोधनातून दिसत होते, त्यावरून ही कल्पना आली. स्वयंपाकी, ड्रायव्हर, मोलकरीण यांची नावे इंटरनेटवर घालायची आणि मालकापर्यंत दुवा जुळवून देणाऱ्या मधल्या माणसालाही मोबदला द्यायचा, असा तिचा सुरुवातीचा विचार होता. म्हणजे जामीनदाराची गरज त्या लोकांनी ओळखली होती. २०१७ मध्ये ही कंपनी क्विकरने विकत घेतली. त्याआधी १९९७ पासून 'नौकरी डॉट कॉम' होतेच, पण ते पदवीवाल्यांसाठी. हाताने काम करणाऱ्यांसाठी पुढे 'वर्कइंडिया' आणि २०१९ मध्ये 'अपना' ही ॲप आली.

आता कारागिरांनी काय करावे ते पाहू.

पोर्टलवर आपला जामीन आपल्यालाच कागदातून उभा करावा लागतो. उस्तादाच्या हाताखाली पंधरा वर्षे काम केले हे इतवाऱ्यात सगळ्यांना माहीत असते, पुण्याच्या कंपनीला ते कसे कळणार? त्यासाठी कागद हवा. आयटीआय झालेले असेल तर प्रश्न नाही. नसेल तर प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीपासून येत असलेल्या हुनराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय ठेवण्यात आली आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ कामे आहेत. त्यात सुतार, लोहार, गवंडी, शिंपी, न्हावी, कुलूप बनवणारा, सोनार, कुंभार, चांभार हे येतात. या योजनेत प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळते, प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये मिळतात आणि अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आहे. लोक कर्जासाठी या योजनेकडे धावतात. आमच्या मते उद्या अनोळखी मालकापुढे ठेवण्यासाठी ते प्रमाणपत्रही तितकेच मोलाचे आहे. असंघटित कामगारांसाठीचे ई-श्रम कार्ड २६ ऑगस्ट २०२१ पासून सुरू आहे, ते १६ ते ५९ वयाच्या कामगाराला मिळते. त्याचा १२ अंकी नंबर जपून ठेवावा.

माहिती भरताना "कोणतेही काम चालेल" असे लिहू नये. असा माणूस कोणाच्याच यादीत येत नाही, कारण मालक 'वेल्डर', 'ओव्हरलॉक मशीन ऑपरेटर', 'जेसीबी ड्रायव्हर' असे शब्द टाकून शोधतो. कामाचे नेमके नाव, किती वर्षे केले, कोणती मशीन चालवता आणि कोणत्या शहरात जाण्याची तयारी आहे एवढे लिहिले तरी पुरे. केलेल्या कामाचे चार साफ फोटो मोबाईलमध्ये तयार ठेवावेत. गेट बनवले असेल तर गेटचा फोटो, शेरवानी शिवली असेल तर शेरवानीचा. पूर्वीच्या दोन मालकांचे नंबर त्यांची परवानगी घेऊन जवळ ठेवावेत. जुनी ओळख येथे कामाला येते. नोकरी मिळवून देण्याऐवजी ती आता तुमच्याबद्दल खरे सांगण्याचे काम करते.

यात सर्वात जास्त अडचण नावाची होते, आणि ती आपल्या लोकांची खास अडचण आहे. शाळेच्या टीसीवर 'शेख रहीम शेख करीम', आधारवर 'रहीम करीम शेख', बँकेत नुसते 'रहीम शेख'. इंग्रजीत शेख चार तऱ्हांनी लिहितात. मोहम्मदचे कोठे पूर्ण नाव, कोठे 'मो.', कोठे 'एमडी'. सय्यद आणि पठाण कधी पुढे तर कधी मागे. रजिस्टर लिहिणाऱ्या गुरुजींना यात काही वाटत नव्हते आणि चहाच्या हॉटेलात तर कोणी विचारतच नव्हते. पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने ही तीन वेगळी माणसे आहेत. अर्ज अडकतो, पैसे खात्यात येत नाहीत, आणि मुलाला वाटते की आपल्याला मुद्दाम डावलले. म्हणून मूल शाळेत असतानाच, दहावीचा फॉर्म भरण्याआधी, टीसी आणि आधारवरील नाव अक्षर अन् अक्षर सारखे करून घ्यावे. मोठ्यांनी आधारवरील नाव दाखल्याप्रमाणे दुरुस्त करून मगच सगळीकडे नोंदणी करावी.

मुद्दाम डावलणे होतच नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००५ पासून वर्तमानपत्रांतील नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवले. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. संख्याशास्त्राच्या हिशेबाने, उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची संधी साधारण एक तृतीयांश निघाली. दिल्ली परिसरातील कंपन्यांवर झालेल्या आणि २००९ मध्ये छापलेल्या दुसऱ्या अभ्यासात मात्र सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत असा फरक दिसला नाही. यातून आम्ही एवढेच काढतो की जेथे हुनर मोजता येते तेथे नाव कमी आड येते, आणि जेथे नुसता चेहरा व बोलणे पाहून घेतात तेथे जास्त. म्हणून प्रमाणपत्र आणि ट्रेड टेस्टच्या जागांवर आधी जोर द्यावा. आणि ओघाने आलेच म्हणून सांगतो, ओळखीवर माणूस घेताना आपले दुकानदारही आपल्याच मोहल्ल्यातला घेतात, तेव्हा तेथेही कोणीतरी बाहेर राहतोच.

आता फसवणुकीबद्दल. ओळखीच्या बाजारात फसवणारा सापडतो कारण त्याचे घर माहीत असते. मोबाईलवर तसे नसते. पोर्टलवरच्या नोकरीत जामीन नाही हे जे वर सांगितले त्याचा खरा अर्थ येथे कळतो. नियम एकच धरावा की नोकरी देणारा पैसे घेत नाही. रजिस्ट्रेशन फी, गणवेशाचे पैसे, लॅपटॉपचे डिपॉझिट, मेडिकलचे पैसे, परत मिळणारी अनामत, नाव काहीही असो. एनसीएस आणि ई-श्रम दोन्हींवर नोंदणी फुकट आहे. सरकारी साइटच्या पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' असा असतो, तो पाहावा. ओटीपी कोणाला सांगू नये. पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करावा. जितका उशीर होईल तितके पैसे थांबवणे कठीण होते.

लातूरच्या रेल्वे कोच कारखान्याच्या बाबतीत विशेष सावध राहावे. तेथे वंदे भारत शयनयान गाड्या बनवण्याचे काम कायनेट या भारतीय-रशियन भागीदारीच्या कंपनीकडे आहे. रेल्वेची कायम भरती रेल्वे भरती मंडळाच्या जाहिरातीने व परीक्षेनेच होते, आणि कंपनीची भरती ही रेल्वेची नोकरी नसते. "कोच फॅक्टरीत रेल्वेची परमनंट जागा, अमुक लाख द्या" असे सांगणाऱ्याला हा फरक विचारून पाहावा.

परदेशी जाणाऱ्यांसाठी मात्र ऑनलाइनची वाट ओळखीपेक्षा निःसंशय चांगली आहे, आणि येथेच आपले लोक अजून ओळखीवर विसंबतात. सौदी, कुवेत, कतार, ओमानला पाठवणारा माणूस बहुधा कोणाच्या तरी चाचाच्या ओळखीचा असतो. तो मुंबईच्या एजंटचा माणूस, तो एजंट तिसऱ्याचा, आणि प्रत्येक पायरीवर पैसे वाढतात. कायद्याने परवाना असलेला भरती एजंटच कामगार पाठवू शकतो. गावोगावच्या अशा मधल्या माणसांना कायद्यात जागा नाही. परवानाधारक एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचे नवे रूप आणि मोबाईल ॲपही आले. एजंटचे नाव आणि परवाना नंबर तेथे टाकून पाहायला पाच मिनिटे लागतात. एजंटला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५ हजार ४०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्याची पावती द्यावी लागते. ज्याने दीड लाख मागितले त्याच्याकडे पावती मागून पाहा.

दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टला ईसीआर म्हणतात. असा माणूस आखाती देशांसह ठराविक १८ देशांत नोकरीला निघाला तर त्याला आधी मंजुरी घ्यावी लागते. त्या मंजुरीसोबत कराराची नोंद होते आणि प्रवासी भारतीय विमा योजनेतून अपघाती मृत्यू किंवा कायम अपंगत्वासाठी १० लाखांचे संरक्षण मिळते. व्हिजिट व्हिसावर पाठवून तिकडे कामाला लावतो म्हणणारा एजंट हे सगळे चुकवतो. मग तिकडे पगार बुडाला तर मालक म्हणतो, तू कामगारच नाहीस. चाचा भला माणूस असेल, त्याची नियतही साफ असेल, पण रियाधमध्ये तो जामीन राहू शकत नाही.

व्यापारी बांधवांसाठीही थोडे सांगावे लागेल, कारण "हल्ली पोरे टिकत नाहीत" ही तक्रार प्रत्येक दुकानात ऐकू येते. मुलगा पुण्या-हैदराबादचे पगार मोबाईलवर पाहतो, तेव्हा त्याला थांबवायचे तर पगार, वेळ आणि सुट्टी आधीच सांगावी लागेल. एनसीएसवर मालकालाही फुकट नोंदणी करता येते. जाहिरातीत "पगार योग्यतेनुसार" असे लिहिले तर चांगले लोक येत नाहीत, आकडा लिहावा. चार किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला ॲप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नोंद करून शिकाऊ उमेदवार घेता येतो, आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत त्याच्या विद्यावेतनाचा काही हिस्सा सरकार उचलते. आपल्याकडे शागीर्द ठेवण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या आहेच. फरक एवढाच की शेवटी मुलाच्या हातात प्रमाणपत्र पडते. अनोळखी मुलगा ठेवायला भीती वाटत असेल तर आधार पाहावे, जुन्या मालकाला फोन करावा, आठ दिवस रोजी देऊन काम पाहावे आणि गल्ला नंतर द्यावा. टेलरिंग, पॅकिंग अशी घरून होणारी कामे असतील तर जाहिरातीत तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे घराबाहेर न पडणाऱ्या महिलांनाही कळेल.

ज्यांना हे मोबाईलवर जमत नाही त्यांनी नेट कॅफेवाल्याला पासवर्ड देऊन मोकळे होऊ नये. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र नांदेडलाही आहे आणि लातूरलाही. तेथे नोंदणी आणि सल्ला यांचे पैसे लागत नाहीत. आणि एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट, मोबाईल नंबर बदलू नये. स्वस्त प्लॅनसाठी दर सहा महिन्यांनी सिम बदलण्याची अनेकांना सवय आहे. तीन महिने न वापरलेला नंबर कंपनी बंद करून दुसऱ्याला देऊ शकते. मग आधारचा ओटीपी त्या दुसऱ्याकडे जातो आणि मालकाचा फोनही त्यालाच लागतो. नोकरीसाठी दिलेला नंबर दुसऱ्या कशासाठी वापरला नाही तरी चालेल, पण रिचार्ज करून चालू ठेवावा आणि घरातल्या वहीत लिहून ठेवावा.